गाडीच्या पत्र्यासाठी पहिलं वेल्डिंग मशीन: काय घ्यावं, कसं तपासावं

वेल्डिंग मशीनच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती अँपिअरचं देऊ?" उत्तरही बहुतेक वेळा दुकानदारच देतो, "दोनशेचं घ्या, उद्या गेट करायचं म्हटलं तरी चालेल." गेटापुरतं ते बरोबर आहे. मारुती ८०० चा कुजलेला फ्लोर किंवा ओम्नीच्या दाराची गंजलेली खालची कड जोडायची असेल, तर मात्र प्रश्न उलटा विचारावा लागतो: हे मशीन खाली किती अँपिअरपर्यंत येतं आणि तिथे आर्क (धातू वितळवणारी विजेची सलग ठिणगी) टिकतो का? जास्तीत जास्त अँपिअरचा आकडा खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला असतो. कमीत कमीचा आकडा शोधावा लागतो, आणि पत्र्याचं काम त्याच आकड्यावर अवलंबून असतं.

आधी पत्रा मोजा

दार, मडगार्ड, बॉनेट यांचा बाहेरचा पत्रा साधारण ०.६ ते ०.८ मि.मी. असतो. फ्लोर आणि रनिंग बोर्ड ०.८ ते १ मि.मी.च्या आसपास. आतल्या मजबुतीच्या पट्ट्या आणि चासीला लागून असलेले भाग १.२ ते २ मि.मी. पत्र्याच्या दुकानात हिशेब गेजमध्ये चालतो: २२ गेज म्हणजे सुमारे ०.७ मि.मी., २० गेज ०.९, १८ गेज १.२. व्हर्नियर कॅलिपर घ्या आणि गाडीचा पत्रा, रंग खरवडून, स्वतः मोजा.

ढोबळ हिशेब असा की स्टीलच्या दर १ मि.मी. जाडीला ४० अँपिअर लागतात. म्हणजे ०.८ मि.मी. पत्र्याला सलग टाका (वेल्डची रेघ) मारायचा तर ३० ते ३५ अँपिअर पुरतात. एकेक ठिपका मारत गेलात तर ४० ते ५५ सुद्धा चालतात, कारण प्रत्येक ठिपका सेकंदाच्या आत संपतो. गंजाशेजारचा पत्रा मात्र वरून ठीक दिसला तरी खालून खाल्लेला असतो. तिथे जाडी ०.५ मि.मी. उरली असेल तर हा सगळा हिशेब कोलमडतो आणि भोक पडतं. अशा वेळी मशीनला दोष देण्यात अर्थ नाही, पत्रा आणखी मागे कापावा लागतो.

पत्रा वाकतो कसा तेही आत्ताच समजून घेतलेलं बरं. तापलेला भाग पसरू पाहतो, भोवतीचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही, त्यामुळे तो जागच्या जागी दबून जाड होतो. थंड होताना आकसतो आणि आजूबाजूचा पत्रा ओढून घेतो. बॉनेटसारख्या सपाट पृष्ठभागावर ही ओढ लाटेसारखी दिसते आणि मग पुटीचे थर चढत जातात. म्हणून मशीन निवडताना कसोटी एकच: कमीत कमी उष्णतेत, थोड्या जागेत, हवा तेव्हा आर्क चालू-बंद करता आला पाहिजे.

कोणत्या जातीचं मशीन

रॉडचं मशीन, म्हणजे साधं आर्क वेल्डिंग, सगळ्यात स्वस्त आणि सगळीकडे मिळणारं. बारा नंबरचा रॉड म्हणजे २.५ मि.मी., त्याला ६० ते ९० अँपिअर लागतात. गाडीच्या बाहेरच्या पत्र्यात त्याने भोकच पडतं. चौदा नंबरचा, २ मि.मी.चा रॉड वापरून मुरलेला कारागीर १.२ मि.मी. पत्रा जोडतो, पण ती हातोटी आहे आणि शिकणाऱ्याने तिच्या भरवशावर मशीन घेऊ नये. सायलेन्सरचा ब्रॅकेट, जीपचं बंपर, ट्रॉलीची चौकट एवढंच काम असेल तर रॉडचं मशीन उत्तम. बॉडीसाठी ते बाद.

गॅस वेल्डिंग, म्हणजे ऑक्सिजन आणि अ‍ॅसिटिलीन, जुन्या डेंटरचं आवडतं. पत्रा मऊ राहतो, टाका हातोडीने ठोकून बसवता येतो, पितळेने झाळता येतं. पण ज्योत मोठा भाग तापवते, आतला रंग, अंडरकोट, वायरिंगची इन्सुलेशन सगळं जळतं, आणि अ‍ॅसिटिलीनचा सिलिंडर घराच्या पार्किंगमध्ये ठेवणं हा प्रकार आम्ही कुणालाही सुचवणार नाही.

टिगने, म्हणजे एका हाताने टंगस्टनच्या टोकावर आर्क धरून दुसऱ्या हाताने तार भरत जायच्या पद्धतीने, पातळ पत्र्यावर सुरेख काम होतं. टाका मऊ असतो, जवळजवळ घासावा लागत नाही. अडचण अशी की दोन्ही हात गुंततात आणि पत्रा आरशासारखा स्वच्छ लागतो. वीस वर्षं जुन्या रनिंग बोर्डच्या आत मेण, माती, गंज, जुना सीलर असतो. आर्क लागला की ते उकळून टंगस्टनवर येतं आणि टोक पुन्हा घासत बसावं लागतं. गाडीखाली उताणं झोपून टिग करणं तर त्याहून कठीण. हे दुसरं मशीन म्हणून घ्यावं.

राहिलं मिग, ज्याला गॅरेजमध्ये बरेच जण सीओटू म्हणतात. वायर आपोआप पुढे येते, एक हात मोकळा राहतो, ट्रिगर दाबला की आर्क, सोडला की बंद. ठिपके मारायला यापेक्षा सोयीचं काही नाही. घरच्या बॉडी कामासाठी पहिलं मशीन मिगच घ्यावं, आणि तेही गॅस (वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवणारा) जोडता येणारं.

"गॅसची गरजच नाही" म्हणून विकली जाणारी छोटी मिग मशीनं फ्लक्स (जळताना टाक्याला हवेपासून वाचवणारी पूड) भरलेल्या वायरवर चालतात. उघड्यावर, वाऱ्यात ती कामाची आहेत. पण ही वायर घरगुती मशीनसाठी बहुधा ०.८ मि.मी. किंवा त्याहून जाड मिळते, आर्क गरम चालतो, शिंतोडे उडतात आणि प्रत्येक टाक्यावरचा मळ खरवडावा लागतो. १.२ मि.मी.च्या वर ठीक, ०.७ च्या दारावर मनस्ताप. ज्या मशीनवर गॅसची नळी जोडायची सोयच नाही ते स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. दोन्ही प्रकार चालतात त्या मशीनमध्ये ध्रुव बदलायची सोय असते: गॅसवर साधी वायर चालवताना टॉर्च (हातात धरायची वेल्डिंगची बंदूक) धनवर, फ्लक्स वायर चालवताना टॉर्च ऋणवर. हे उलटं राहिलं की आर्क फटफटतो, शिंतोडे दुप्पट होतात आणि नवशिका दिवसभर व्होल्टेजची घुंडी फिरवत बसतो.

घरची वीज पेलेल का

बहुतेकांना वाटतं त्याहून हा प्रश्न सोपा आहे. मिगचा आर्क ६० अँपिअरला सुमारे १७ व्होल्टवर चालतो, म्हणजे साधारण १ किलोवॅट. इन्व्हर्टर पद्धतीच्या (इलेक्ट्रॉनिक बोर्डवर चालणाऱ्या) मशीनमधली गळती आणि कमी पॉवर फॅक्टर धरला तरी २३० व्होल्टवर ७ ते ८ अँपिअर ओढले जातात. गीझरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटला हे आरामात झेपतं. तेच मशीन १५० अँपिअरवर चालवलं तर हिशेब २३ अँपिअरच्या आसपास जातो, एमसीबी पडते आणि पडायलाच हवी. पत्र्याच्या कामाला तिथवर जायची वेळ येत नाही.

सुरू करतानाच्या झटक्याने एमसीबी पडत असेल तर बी प्रकाराऐवजी सी प्रकारची बसवून घ्या. ते काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावं. ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटला अडॅप्टर लावून मशीन चालवू नका. एक्स्टेंशन बोर्ड लागणार असेल तर वायर किमान २.५ चौ.मि.मी. तांब्याची घ्या, १५ मीटरपुढे ४ चौ.मि.मी., आणि ती पूर्ण उलगडून टाका. गुंडाळलेली वायर तापते आणि वितळते.

गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरतं. तिथे नामपट्टीवर १६० ते २६० व्होल्टसारखी रुंद मर्यादा लिहिलेलं मशीन घ्यावं, नाहीतर सकाळी जुळवलेलं सेटिंग संध्याकाळी चालत नाही. घराचं अर्थिंगही तपासून घ्या. मशीनबरोबर येणारा क्लॅम्प गाडीला लावला म्हणजे अर्थिंग झालं असा समज फार पसरलेला आहे. तो क्लॅम्प फक्त वेल्डिंगचा प्रवाह परत आणतो. शॉक टाळण्याचं काम तीन पिनच्या प्लगमधल्या जाड पिनेचं असतं.

गॅरेज बंद करणाऱ्याकडून जुनं मशीन मिळत असेल तर ते थ्री फेजचं आहे का, हे आधी पाहा. ४१५ व्होल्टचं मशीन घरच्या सिंगल फेजवर चालणार नाही.

नामपट्टी आणि आतला भाग वाचताना

किमान अँपिअर: ३० किंवा त्याखाली हवं. ५० पासून सुरू होणारं मशीन पत्र्यासाठी नको, कितीही सूट असली तरी.

कमाल अँपिअर: खऱ्या १५० ते १६० मध्ये बॉडीचं सगळं काम आणि घरचं किरकोळ काम निघतं. "२५०" लिहिलेलं, हातात चार किलोचं लागणारं मशीन दिसलं तर छापील आकड्याऐवजी ड्युटी सायकल वाचा. २० टक्के ड्युटी सायकल म्हणजे दहा मिनिटांत दोन मिनिटं सलग आर्क, आणि तो आकडा कोणत्या तापमानाला दिलाय तेही महत्त्वाचं. ४० अंश सेल्सिअसला मोजलेला आकडा विदर्भातल्या मे महिन्यात उपयोगी पडतो, २५ अंशांचा नाही. अर्थात ठिपके-ठिपके काम करताना ड्युटी सायकलला क्वचितच हात लागतो.

व्होल्टेजची वेगळी घुंडी: व्होल्टेज आणि वायरचा वेग दोन्ही स्वतंत्र बदलता आले पाहिजेत. सिनर्जिक मशीन एकातून दुसरं आपणच ठरवतं. शिकताना ती सोय चांगली, पण हाताने बारीक फेरफार करायची मुभा त्यात असावी. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनमध्ये चार-सहा पायऱ्यांचा स्विच असतो. पहिल्या पायरीवर आर्क थंड, दुसरीवर भोक, आणि मधलं काही नाही, असं अनेकदा होतं. दहा पायऱ्यांचं जड, जुनं, चांगल्या कंपनीचं मशीन मिळालं तर गोष्ट वेगळी, ते नव्या स्वस्त मशीनपेक्षा सरस ठरतं.

झाकण उघडून वायर फीडर पाहा. नव्याने घेणारे इथे लक्ष देत नाहीत आणि पुढे निम्म्या तक्रारी इथूनच येतात. रोलर ०.६ आणि ०.८ दोन्हीचा आहे का? बहुतेक रोलर दोन खाचांचे असतात, उलटवून बसवता येतात. काहींमध्ये ०.८ आणि १.० च असतं, मग ०.६ चा रोलर वेगळा मिळतो का ते विचारा. साध्या वायरला इंग्रजी व्ही आकाराची गुळगुळीत खाच लागते, फ्लक्स वायरला दातेरी. फीडरची चौकट धातूची असेल तर उत्तम. प्लास्टिकची चौकट दाब दिला की वाकते आणि वायर सरकू लागते.

टॉर्च कसा जोडलाय? युरो कनेक्टर असेल तर टॉर्च बिघडल्यावर दुसरा लावता येतो. मशीनला कायमचा जोडलेला टॉर्च असेल तर लायनर (केबलमधली, वायर जिच्यातून सरकते ती नळी) बदलतानाही अर्धं मशीन उघडावं लागतं. १५ एके नावाने मिळणारा टॉर्च घरच्या कामाला पुरेसा असतो आणि त्याच्या टिपा (वायर बाहेर येते ती तोंडं), नोझल (भोवतीची गॅसची टोपी) सगळीकडे मिळतात. लांबी ३ मीटर. त्याहून लांब टॉर्चमध्ये ०.६ ची मऊ वायर अडते.

स्पूल (वायरचं रीळ) कोणता बसतो तेही बघा. १ किलोचा स्पूल किलोमागे महाग पडतो, १५ किलोचा घरच्या कामात संपायच्या आत गंजतो, विशेषतः कोकणात आणि मुंबईत. ५ किलोचा सोयीचा. काम संपलं की पावसाळ्यात स्पूल काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा. गंजलेली वायर लायनर आतून कुरतडते.

रॉड, मिग आणि लिफ्ट टिग एकत्र असलेली मशीनं आता भरपूर आहेत. रॉडची सोय फुकटात मिळाल्यासारखी आहे, घ्यावी. टिगसाठी टॉर्च वेगळा, शुद्ध आर्गॉनचा सिलिंडर वेगळा घ्यावा लागतो, म्हणून केवळ त्या शब्दासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

वायर आणि गॅस

वायर ईआर ७० एस-६ दर्जाची, तांब्याचा मुलामा दिलेली. ०.८ मि.मी. पत्र्याला ०.६ ची वायर सगळ्यात सोपी, कारण ती कमी अँपिअरला वितळते. पण ती प्रत्येक गावात मिळत नाही. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी अशा हत्यारांच्या बाजारात विचारावं, नाहीतर ऑनलाइन. ०.८ च्या वायरवरही काम होतं, फक्त हात जास्त चलाख लागतो.

गॅसचे दोन पर्याय. शुद्ध कार्बन डायऑक्साइड स्वस्त, आत खोल जाणारा, शिंतोडे उडवणारा. आर्गॉनमध्ये ५ ते २० टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेलं मिश्रण महाग, पण आर्क मऊ, कमी व्होल्टेजलाही स्थिर, टाका चपटा. पातळ पत्र्यासाठी मिश्रण घ्यावं. १० लिटर पाणीक्षमतेचा सिलिंडर १५० बारला भरला तर सुमारे १,५०० लिटर गॅस मिळतो. मिनिटाला १० लिटर दराने तो १५० मिनिटं आर्क. ठिपक्यांच्या कामात ही १५० मिनिटं बरीच लांबतात. कार्बन डायऑक्साइडचा १ किलो म्हणजे सुमारे ५०० लिटरहून थोडा जास्त गॅस. तो द्रवरूपात असतो, म्हणून गेजचा काटा शेवटपर्यंत तसाच राहतो आणि मग एकदम पडतो. किती उरलाय हे कळायला सिलिंडर वजन करून पाहावा लागतो. मिश्रणाच्या सिलिंडरचा काटा मात्र वापराप्रमाणे खाली येतो.

सिलिंडर मान्यताप्राप्त विक्रेत्याकडूनच भरून घ्या. नागपूरला मुख्यालय असलेली पेसो ही केंद्रीय संस्था यावर देखरेख ठेवते आणि सिलिंडरच्या खांद्यावर तपासणीची तारीख ठोकलेली असते. त्या तपासणीची मुदत उलटून गेली असेल तर सिलिंडर नाकारा. अग्निशामकाचा जुना सिलिंडर वापरण्याची शक्कल काही जण सांगतात. त्यात तळापर्यंत नळी असते, ती गॅसऐवजी द्रव बाहेर काढते आणि रेग्युलेटर गोठतो. रेग्युलेटर गॅसनुसार घ्या, चुडी (आटे) वेगळी असू शकते. प्रवाह दाखवणारा, लिटरमध्ये खुणा असलेला असावा. सिलिंडर भिंतीला साखळीने बांधा.

दुकानात तपासणी

जाताना घरून ०.८ मि.मी. सीआर (कोल्ड रोल्ड, म्हणजे जस्त नसलेल्या साध्या) पत्र्याचे हातभर लांबीचे पाच-सहा तुकडे आणि ६ मि.मी. भोक पाडलेले दोन तुकडे घेऊन जा. दुकानदार जाड पट्टीवर टाका मारून दाखवेल. तो सुंदरच येतो, त्याने काही सिद्ध होत नाही.

१. वायर बसवून मशीन सगळ्यात खालच्या सेटिंगवर आणायला सांगा आणि तुमच्या पत्र्यावर दोन-तीन सेंटिमीटरचा टाका मारायला लावा. आवाज तेलात भजी सोडल्यासारखा एकसारखा चरचर यायला हवा. फट... फट... असा तुटक आवाज म्हणजे आर्क टिकत नाही.

२. ट्रिगर दहा वेळा दाबून दहा वेगळे ठिपके मारा. प्रत्येक वेळी आर्क लगेच लागतो की वायर आधी पत्र्याला ढुसणी मारते? बॉडीच्या कामात दिवसाकाठी शेकडो वेळा आर्क सुरू करावा लागतो, म्हणून आमच्या मते ही चाचणी बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाची.

३. भोकाचा तुकडा सपाट तुकड्यावर ठेवून भोक भरून घ्या. थंड झाल्यावर दोन पकडींनी पिळून सोडवा. खालच्या पत्र्याचा तुकडा टाक्याबरोबर उखडून आला तर जोड खरा. टाका नाण्यासारखा अलगद निघाला तर वेल्ड खालच्या पत्र्यात शिरलाच नाही.

४. टॉर्चची केबल सैलसर वेटोळी करून वायर लाकडावर सोडा. ती अडखळू नये, वेग कमी-जास्त होऊ नये.

५. बिलावर वॉरंटी, जवळचं दुरुस्ती केंद्र आणि बोर्डचे सुटे भाग मिळतात का, हे लिहून घ्या. इन्व्हर्टर मशीनचा बोर्ड गेला आणि तो मिळाला नाही तर मशीन भंगारात जातं.

मशीनबरोबरचा खर्च

सगळे पैसे मशीनवर घालू नका. सिलिंडर, रेग्युलेटर, नळी, वायर, हेल्मेट, ग्राइंडर धरले तर रक्कम मशीनच्या किमतीच्या जवळ सहज जाते.

काच आपोआप काळी होणारं हेल्मेट घ्याच, ९ ते १३ शेड बदलता येणारं, चार सेन्सरचं. गाडीखाली एखादा सेन्सर झाकला जातो, तेव्हा बाकीचे उपयोगी पडतात. ३०-५० अँपिअरच्या मिगला शेड ९ किंवा १० पुरते. ११ ची साधी काळी काच लावून पातळ पत्र्यावर शिकायला गेलात तर टाका दिसतच नाही. डोळ्याला वेल्डिंग लागलं तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतं. बटाट्याचे काप ठेवत बसण्यापेक्षा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं.

याशिवाय: चामड्याचे हातमोजे, जाड सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट (पॉलिस्टर अजिबात नको, ठिणगीने ते कातडीला चिकटतं), ४ इंची ग्राइंडर, १ मि.मी.ची कटिंग डिस्क, ६० आणि ८० ग्रिटची फ्लॅप डिस्क, सहा-आठ लॉकिंग पक्कड, ०.६ व ०.८ च्या दहा-दहा टिपा, दोन नोझल, एक जादा लायनर, आणि तांब्याची जाड पट्टी. जुना तांब्याचा पाइप ठोकून सपाट केला तरी चालतो. वेल्ड तांब्याला चिकटत नाही, म्हणून फटीमागे ही पट्टी दाबून धरली की भोक भरणं सोपं जातं.

ठिगळासाठी सीआर पत्रा आणा. पत्र्याच्या शेडवरचा जीआय पत्रा स्वस्त मिळतो, पण त्यावरचं जस्त सुमारे ९०७ अंशांना उकळतं आणि त्याच्या पांढऱ्या धुराने काही तासांनी थंडी-ताप भरतो. दूध प्यायलं किंवा गूळ खाल्ला की धूर बाधत नाही, ही वर्कशॉपमधली समजूत आहे आणि ती फोल आहे. गाडीच्या पत्र्यावरही जस्त असू शकतं, तेव्हा जोडाच्या दोन्ही बाजूंनी २० मि.मी. घासून काढा, दार उघडं ठेवा, श्वसनाचा योग्य मास्क वापरा. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पत्रा पुसून लगेच वेल्डिंग करणं त्याहून घातक: आर्कच्या उजेडात त्याचा फॉस्जिन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

गाडीला पहिला ठिपका लावण्याआधी

बॅटरीची ऋण तार काढा, एअरबॅग असेल तर तार काढल्यावर काही मिनिटं थांबा. क्लॅम्प जोडापासून वीतभर अंतरावर, घासलेल्या चकचकीत पत्र्यावर लावा. लांब लावला तर प्रवाह बेअरिंग, बिजागरी किंवा केबलमधून वाट काढतो. फ्लोरवर काम असेल तर सीट, कार्पेट, फोम बाहेर काढा आणि मागच्या बाजूने पेट्रोलची आणि ब्रेकची नळी कुठून जाते ते वाकून, बोट लावून पाहा. टाकीशेजारी काम असेल तर टाकी उतरवून गाडीपासून दूर ठेवा. सीएनजी गाडीच्या सिलिंडर आणि नळ्यांच्या आसपास घरी वेल्डिंग करू नका, ते काढणं-बसवणं अधिकृत केंद्राचं काम. पावडरचा अग्निशामक आणि पाण्याची बादली हाताशी, आणि काम संपल्यावर किमान अर्धा तास गाडीजवळ कुणीतरी. अंडरकोट धुमसत राहतो आणि मागाहून पेटतो.

काही जागा घरी हाताळायच्याच नाहीत: सीटबेल्टचे आणि सस्पेन्शनचे आधार, नव्या गाड्यांचे दारांमधले खांब आणि पुढचे चासी रेल. तिथलं उच्च ताकदीचं पोलाद उष्णतेने आपली ताकद गमावतं आणि वरून टाका छान दिसत राहतो. चासी नंबर ठोकलेल्या पत्र्याला कापणं-जोडणं तर दूरच, घासूही नका. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करताना आरटीओत तोच नंबर पाहतात.

पहिलं ठिगळ

भंगारातून जुनं दार आणा आणि आधी त्यावर शिका. नव्या कोऱ्या पट्टीवर जमलेला हात जुन्या पत्र्यावर बसतोच असं नाही.

गंज दिसतो त्याच्या पुढे किमान २० मि.मी. कापा, चकचकीत, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत. ठिगळाचे कोपरे १०-१५ मि.मी. त्रिज्येने गोल करा, टोकदार कोपऱ्यात उष्णता साचते. कडा समोरासमोर बसवून पत्र्याच्या जाडीएवढी फट ठेवा. फट नसेल तर टाका वर बसतो, आणि घासला की जोड सुटतो.

सुरुवातीचं सेटिंग: ०.६ वायर, सुमारे ३.५ मीटर प्रति मिनिट, १५ ते १६ व्होल्ट. ०.८ वायर असेल तर तेवढ्याच व्होल्टला २ ते २.५ मीटर. गॅस ८ ते १० लिटर. टिपेबाहेर वायर ६ ते १० मि.मी. चारही बाजूंच्या मध्यावर एकेक ठिपका, पत्रा पातळीत आहे का ते बोटाने चाचपा, मग दोन ठिपक्यांच्या मध्ये एक, असं अंतर २५ मि.मी. वर येईपर्यंत. पुढचा ठिपका नेहमी समोरच्या बाजूला. ठिपक्यावर बोट टेकवता येईल इतका तो थंड झाल्याशिवाय शेजारी दुसरा मारू नका, आणि ओलं फडकं लावून थंड करू नका. घासतानाही हेच: डिस्क एका जागी दाबून धरली की वेल्डिंगने न वाकलेला पत्रा ग्राइंडरने वाकतो.

कारखान्यात जिथे स्पॉट वेल्ड (दोन पत्रे ठिपक्यांनी जोडलेले) असतात तिथे वरच्या पत्र्याला ५-६ मि.मी. भोक पाडून ते भरा, १.२ मि.मी. किंवा जाड पत्र्याला ८ मि.मी. भोक. मूळ स्पॉट जितके होते तितके तरी भरायचेच.

बिघडतं ते असं. वायर पत्र्याला ढकलत फटफटते: वेग जास्त किंवा व्होल्टेज कमी. वायर जळत टिपेपर्यंत येऊन चिकटते: उलट. टाक्यात जाळी (बारीक भोकं) पडते: गॅस पोहोचत नाही, बहुतेक वेळा कारण असतं उकाड्यात लावलेला टेबलफॅन. त्याखालोखाल नोझलमध्ये साचलेले शिंतोडे आणि खाली राहिलेला रंग. रोलरजवळ वायरचा गुंता होतो: टीप किंवा लायनर अडलाय. तिथे रोलरचा दाब वाढवला तर गुंता वाढतो, दाब कमी करून टीप बदला. वायर बोटांत हलकी धरल्यावर रोलर सरकावा, इतकाच दाब ठेवायचा.

जोड पूर्ण झाला की मागच्या बाजूला पाहा. तिथला रंग आणि अंडरकोट जळलेला असतो आणि पुढचा गंज तिथूनच सुरू होतो. तारेच्या ब्रशने साफ करा, इपॉक्सी प्रायमर मारा, जोडावर सीम सीलर लावा. रनिंग बोर्डसारख्या बंद पोकळीत ब्रश जात नाही. तिथे रंगकाम संपल्यावर लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स फवारा आणि पाणी निघून जायची भोकं तेवढी मोकळी ठेवा.